गार्ड बंद करा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत ‘मेमो’ हा शब्द कुणी हसत उच्चारत नाही. मेमो मिळाला म्हणजे तुम्ही शिफ्टला उशिरा आलात, सुपरवायझरला उलटून बोललात, नाहीतर जॉब स्क्रॅप केलेत. खाली ‘तीन दिवसांत लेखी खुलासा करावा’ असतं आणि तो खुलासा बहुतेक वेळा लिहिता येणारा दुसराच कुणीतरी लिहून देतो. त्यामुळे ऑगस्ट २०२२मध्ये मी घरी सांगितलं की तांत्रिक लेखनाच्या एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात मला एक मेमो लिहायचाय, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “कुणाला देतेयस? आणि केलंय काय त्याने?”

नाना प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांची, हे सांगावं लागत नाही. माझी प्रेस वेगळी. पत्रा कापणारी, वाकवणारी, ठोकून आकार देणारी पॉवर प्रेस. आमची कंपनी ती बनवते आणि गेली चौदा वर्षं मी तिची मॅन्युअलं लिहिते. या कामाला मराठीत धड नाव नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं तर ‘कंपनीत लिहायचं काम करते’ म्हणायचं, मग समोरचा ‘म्हणजे अकाउंट्सला’ असं स्वतःच ठरवून टाकतो.

इंग्रजी साहित्यात माझं एक एम.ए. आधीच झालं होतं, नाशिकच्याच कॉलेजातून. पण मॅन्युअल कसं लिहायचं हे मी शिकले जुन्या मॅन्युअलवरून नवीन मॅन्युअल करून. मशीनचा नंबर बदलायचा, टनेज (प्रेस किती टन जोराने दाबते तो आकडा) बदलायचं, चित्रं बदलायची, बाकी मजकूर तसाच पुढे. त्यातल्या एका परिच्छेदात अशा एका तेलपंपाची निगा कशी राखावी हे होतं, जो पंप आम्ही मशीनला बसवणं कधीच बंद केलं होतं. सहा वर्षं तो परिच्छेद परदेशी जात राहिला. कुणाचीही तक्रार आली नाही. तक्रार आली नाही याचा मला आधी आनंद झाला आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की याचा अर्थ एवढाच, कुणी वाचतच नाही.

शिकायचं तर कुठे? मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गोवर्धनला, १९८९पासून. तिथले पत्रकारितेचे अभ्यासक्रम मी बघितले होते. पण मला बातमी लिहायची नव्हती. वाचून झाल्यावर माणसाला हाताने काहीतरी करायचंय, असा मजकूर मला लिहायचा होता. अमेरिकेत हा स्वतंत्र विषय आहे. अनेक ठिकाणी तो इंग्रजी विभागातच असतो, म्हणजे एका वर्गात मिल्टन आणि शेजारच्या वर्गात मॅन्युअल. तिथल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी निवडला: तीस क्रेडिटं, दहा विषय, नोकरी सांभाळून अडीच वर्षं.

प्रवेशाच्या कटकटीवर फार लिहीत नाही. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती, त्यांचं मूल्यमापन, तीन शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा. आमच्या वेळची बी.ए. तीन वर्षांची आणि त्यांची चार, यावरून अनेकांचं अडतं. माझ्याकडे वरची दोन वर्षं होती म्हणून सुटले. खरी अडचण आली ती ‘तुम्हाला हे का शिकायचं आहे’ या दोन पानांची. माझा पहिला खर्डा सुरू होत होता ‘लहानपणापासून मला लेखनाची आवड’ असा. वाचून माझी मलाच लाज वाटली. मग त्या तेलपंपाची गोष्ट लिहिली, जशी घडली तशी, आणि नमुना म्हणून तेच पान जोडलं. प्रवेश मिळाला. फीचा आकडा ऐकून नाना एवढंच म्हणाले, “सिडकोत एक खोली आली असती.” बँकेत पैसे पाठवायला ए-टू फॉर्म भरताना काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, “मुलगा कुठल्या स्टेटमध्ये असतो?” मी म्हटलं, मुलगा सहावीत आहे, शिकतेय मी. त्यांनी चष्म्यावरून एकदा नीट बघून घेतलं.

तास तिकडच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या पहाटे साडेतीनला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेचार. नाशिकच्या डिसेंबरात साडेचारला स्वेटरवर शाल घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. नाना तसेही चारला उठायचे. ते चहा करून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि स्क्रीनवरच्या बाईंना उगाच मान लववून नमस्कार करायचे. पहिल्या सत्रात त्या बाईंना वाटायचं की हे माझे सहअध्यायी आहेत.

मार्च २०२३मध्ये माझा एक तास बुडाला. तिकडे घड्याळं परत पुढे गेली होती आणि मला पत्ता नव्हता. मी साडेचारला रुजू झाले तेव्हा तास संपायला पंधरा मिनिटं राहिली होती. बाईंनी आदल्या दिवशी सगळ्यांना कळवलंही होतं, ‘वर्ग नेहमीप्रमाणे सहा वाजता’. त्यांच्या बाजूने शब्दन्‌शब्द खरा. माझ्या बाजूने एक तासाने चुकीचा. त्या आठवड्याचा गृहपाठ होता, नीट लिहिलेलं असूनही उपयोगी न पडलेलं एखादं पत्र शोधून आणा. मी त्यांचीच मेल आणली. चिडल्या नाहीत. पुढच्या मेलपासून वेळेसमोर ‘नाशिक’ असा एक कंस सुरू झाला, तो शेवटपर्यंत टिकला.

आता मेमोकडे येते, कारण या शिक्षणात मला काय मिळालं याचं मूळ तिथे आहे. २८ मार्च १९७९, पेन्सिल्व्हेनियातलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. अपघाताला सुरुवात झाली तीही पहाटे चारच्याच सुमाराला, हे मी त्याच वेळेला जागी राहून वाचत होते. एक झडप उघडी अडकली, भट्टीतलं पाणी निघून जात राहिलं आणि चालकांना आकडे दिसत होते ते पाणी जास्त झाल्याचे. म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. व्हायला हवं होतं बरोबर उलटं. आणि हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १९७७च्या सप्टेंबरात ओहायोतल्या तशाच एका केंद्रात हीच चूक झाली होती, सुदैवाने निभावलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्याने फेब्रुवारी १९७८मध्ये मेमो लिहून सांगितलं की सगळ्या केंद्रांना ताबडतोब स्पष्ट सूचना द्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये दुसऱ्या विभागातून आणखी एक मेमो गेला. अपघात त्या पहिल्या मेमोनंतर तेरा महिन्यांनी झाला, आणि सूचना तोवर केंद्रांपर्यंत पोचलेली नव्हती.

आम्हाला ते मेमो वाचायला दिले. ऑगस्टचा मेमो मी चार वेळा वाचला. व्याकरण शुद्ध, भाषा सभ्य. विषयाच्या ओळीत भीती वाटावी असं काही नाही. सुरुवात जुन्या पत्रांच्या संदर्भाने, मग एकदोन तांत्रिक शंका. भट्टीचा गाभा उघडा पडू शकतो हा खरा धोका आत एका वाक्यात, तोही ‘संदर्भपत्रांत तशी शक्यता सुचवली आहे’ अशा सुरात. आणि शेवटी, याचा निर्णय व्हावा ही विनंती. ज्याच्या टेबलावर तो पडला त्याला ते रोजचंच पत्र वाटलं. मी त्याला दोष देऊ शकले नाही. असली पत्रं मी आयुष्यभर वाचत आलेय: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सदर प्रकरणी कळविण्यात येते की’. नानांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “आम्ही वरून आलेलं पत्र शेवटून वाचायचो. मुद्दा पायाशी असतो.” मी हे वाक्य इंग्रजी करून वर्गात सांगितलं. बाईंनी विचारलं, मग तुमच्याकडे पत्रं उलटी का लिहीत नाहीत? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकीचे विषय बरे-वाईट होते. वक्तृत्वशास्त्राच्या विषयात ॲरिस्टॉटल भरपूर आणि मशीन शून्य. अनुदान मागणाऱ्या प्रस्तावांचा विषय मला कंटाळवाणा गेला, पण त्यातून एक सवय लागली, पहिल्या वाक्यात मागायचं ते मागून मोकळं व्हायचं. संपादनाच्या विषयात एक सहाध्यायीण माझ्या प्रत्येक पानावर लिहायची ‘इथे कोण?’, कारण माझ्या वाक्यांत सगळं आपोआप व्हायचं. व्हॉल्व्ह उघडला जातो, दाब तपासला जातो. कोण उघडतो? दुसऱ्या सत्राच्या आधी, नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस, चॅटजीपीटी आलं आणि जानेवारीत प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकात त्याबद्दल एक पान वाढलं. वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटलं, आपली नोकरी गेली. मी गंमत म्हणून आमच्या मॅन्युअलचं एक पान फुकटच्या भाषांतरयंत्रात टाकून मराठी मागितलं. ‘गार्ड’चा, म्हणजे हात मशीनमध्ये जाऊ नये म्हणून लावलेल्या आवरणाचा, रक्षक झाला; ‘डाय’चा, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, फासा. ‘रक्षकाला काढू नका’ ही सूचना आमच्या वॉचमनला फार आवडली.

पण जिथे मला झटका बसला तो विषय म्हणजे विमानांची मॅन्युअलं. विमान दुरुस्त करणारे मेकॅनिक जगभरचे, इंग्रजी सगळ्यांची सारखी नाही. म्हणून युरोपात विमान उद्योगाने एक आवरलेली इंग्रजी बांधली. तिची पहिली मार्गदर्शिका १९८६ची, आज ती एसटीई-१०० म्हणून ओळखली जाते. तिचे दोन नियम तर मी टेबलासमोर चिकटवून ठेवले: कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि एका शब्दाला एकच अर्थ. म्हणजे ‘क्लोज’ हा शब्द फक्त लावणं या क्रियेसाठी. जवळ म्हणायचं तर त्याला दुसरा शब्द. वाचताना मला ओझर आठवलं, आपल्या इथे विमानं बनतात ते. आणि मग सरळ प्रश्न पडला: असं मराठीत कुणी केलंय? माझ्या मशीनवर प्रत्यक्ष उभा राहणारा माणूस कुठे इंग्रजी वाचतो?

शेवटच्या वर्षीचा प्रकल्प असा ठरला. पन्नास टनी प्रेसवर डाय बदलण्याचं मराठी सूचनापत्रक.

मराठी पत्रक आमच्याकडे होतंच. १९४८च्या कारखाना कायद्याच्या १०८व्या कलमात होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायच्या. म्हणून कधीकाळी एका एजन्सीकडून भाषांतर करून, लॅमिनेट करून प्रत्येक मशीनबरोबर पाठवायचे. पहिलंच वाक्य: ‘यंत्राचे प्रचालन करण्यापूर्वी संरक्षक आवरण बंद असल्याची खातरजमा करण्यात यावी.’ मी ते वाक्य घेतलं, तोवरचं सगळं शिक्षण त्यावर चालवलं आणि केलं: ‘प्रेस चालू करण्याआधी गार्ड बंद करा.’ फार खूश होते मी. इंग्रजीत उलटून वर्गात दाखवलं, तिथेही सगळे खूश.

पण नुसतं लिहून चालत नाही, वापरणाऱ्यांवर तपासायचं असतं. किती जणांवर? वेबसाइटच्या बाबतीत याकोब नील्सन यांनी २०००मध्ये मांडलं की पाच माणसांत बहुतेक मोठ्या चुका सापडतात. मी सात घेतले. मात्र माणसांवर काहीही तपासायचं तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. त्यासाठी आधी एक ऑनलाइन प्रशिक्षण, मग अर्ज, मग संमतिपत्र. माझं दोन पानी संमतिपत्र घेऊन मी अंबडमधल्या एका छोट्या जॉबवर्क युनिटमध्ये गेले, जिथे आमच्या कंपनीच्या प्रेस चालतात. संमतिपत्राला कुणी हात लावेना. “सही कशाला? मेमो आहे का?” तोच शब्द. मी समजावलं की उलट आहे, तुम्ही नाही म्हणू शकता यासाठी ही सही आहे. एक जण म्हणाला, “मग नाहीच म्हणतो, सहीच नको.” तर्क बिनतोड होता.

समितीला कळवलं की आमच्याकडे कागदावरची सही ही स्वतःची सुटका नसते, अडकणं असतं. जोखीम किरकोळ असेल तर सहीऐवजी तोंडी संमती चालते अशी तरतूद त्यांच्या नियमांत आहे. ती मिळवायला तीन आठवडे गेले. युनिटच्या मालकांचं वेगळंच. ते म्हणाले, “तपासा, आमची काही हरकत नाही, फक्त कोण चुकलं तेवढं मला सांगा.” तेवढंच सांगता येणार नव्हतं. कोण चुकलं हे मालकाला कळणार असेल तर संमती कसली? ते थोडे नाराज झाले, पण रविवारी शेड उघडून दिली.

पद्धतीत एक प्रकार आहे: माणसाने काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे तो कुठे अडतो ते कळतं. मी पहिल्या ऑपरेटरला तसं सांगितलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे, पेठ तालुक्याकडचे, प्रेसवर बावीस वर्षं. मामा माझ्याकडे बघत राहिले. “प्रेसवर बोलायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, मॅडम.” झालं, पद्धत गेली. मग मेन स्विचला कुलूप घालून, किल्ली मेंटेनन्सवाल्याच्या खिशात ठेवून, एकेक पायरी हातांनी नुसती दाखवायची आणि मग बोलायचं असं ठरवलं.

मामांनी पत्रक हातात घेतलं. ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले, मधलं बोट, कारण पहिलं बोट दुसऱ्या पेरापाशी संपतं. पहिल्याच ओळीवर थांबले.

“गार्ड बंद करा म्हणजे लावायचा का काढायचा?”

“लावायचा. बंद करायचा, दारासारखा.”

“दार बंद म्हणजे लावलेलं. बरोबर. पण लाइट बंद म्हणजे चालत नाही. पंखा बंद, मोटर बंद. ह्या शेजारच्या मशीनला सेन्सर आहे, तो बंद आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा तो चालतच नसतो. सेकंड शिफ्टला काम उरकायचं असलं की पोरं काय म्हणतात ठाऊक आहे? ‘गार्ड बंद करून टाक.’ म्हणजे काय करतात?”

मी काही बोलले नाही. मला माहीत होतं काय करतात. गार्डच्या स्विचला तार बांधतात, म्हणजे गार्ड उघडा असला तरी प्रेस चालते.

“मग तुम्हीच कागदावर लिहून दिलंत ना त्यांना,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. “गार्ड लावा, असं म्हणा की. लहान पोराला पण कळंल.”

एजन्सीच्या त्या जुन्या जडजंबाल वाक्यातही ‘बंद’ होताच, पण ते वाक्य कुणी वाचत नव्हतं म्हणून त्यापासून धोकाही नव्हता. मी ते सोपं करून धोक्याचं करून ठेवलं होतं. ही गोष्ट मला पुढचे दोन आठवडे झोपताना आठवायची.

त्यानंतर सगळं पत्रक उसवलं. ‘मेन स्विच बंद करावा’ वाचून दुसरे एक ऑपरेटर म्हणाले, “करावा म्हणजे केला तर बरं. नाही केला तरी चालतंय, असं वाटतं.” खरंच आहे की. ‘सकाळी फिरायला जावे’ असं आरोग्याच्या सदरात लिहितात, आणि कोण जातं? शाळेत आपल्याला शिकवलं की सूचनेत ‘करावे’ हे अदबीचं. प्रेससमोर अदब नको असते. सगळ्या क्रिया ‘करा, दाबा, लावा’ केल्या.

पुढे ‘डाय काढण्याआधी मेन स्विच ऑफ करा’. मराठीत हेच स्वाभाविक, आधीचं आधी. पण तिसऱ्या ऑपरेटरचा हात ‘डाय काढण्या’ एवढं वाचूनच डायच्या बोल्टकडे गेला. तो वाचतो त्या क्रमाने करत होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. वाक्य फोडलं. पहिली ओळ मेन स्विचची. दुसऱ्या ओळीत, ‘आता डाय काढा’.

आणि या दोन ओळींच्या मध्ये एक ओळ नव्हतीच, हे सगळ्यांत वाईट. या प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे मोटरवर फिरणारं मोठं चाक, जड असतं. मेन ऑफ केला तरी ते बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर चुकून क्लच लागला तर रॅम, म्हणजे वरून ठोकणारा भाग, खाली येतो. माझ्या पत्रकात होतं ‘मशीन बंद झाल्यावर’. कोणतं बंद? मोटर बंद, का मेन बंद, का चाक थांबलं? सात जणांपैकी चौघांनी मोटरचा आवाज थांबला की मशीन बंद धरलं. मामांनी मात्र न सांगता चाकाकडे नजर टाकली. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? त्यांनी नुसतं ते आखूड बोट हलवलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

मी ‘बंद’ हा शब्दच पत्रकातून काढून टाकला. वीज असेल तिथे ऑफ. गार्ड असेल तिथे लावा-काढा. चाक असेल तिथे थांबलं. तेवीस शब्दांची एक यादी झाली, प्रत्येकाला एक अर्थ आणि एकच. वर्गात यादी मांडताना ‘बंद’चा घोळ इंग्रजीत समजावून सांगायला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं. बाईंनी दोन मिनिटांत ओळखलं. म्हणाल्या, आमच्याकडे मशीन ‘ऑफ’ झालं म्हणजे थांबलं, पण अलार्म ‘ऑफ’ झाला म्हणजे वाजायला लागला.

यादीत ऑफ, गार्ड, डाय, जॉब, मेन असेच शब्द जास्त. ते मला सलत होतं, खोटं कशाला बोलू. मी सार्वजनिक वाचनालयात वाढलेली, १८४०पासून मराठी पुस्तकं जपणाऱ्या ‘सावाना’त. तिथल्या एका जुन्या स्नेह्यांना यादी दाखवली तर ते कळवळून म्हणाले, शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करून घेतला तो फारसी शब्द हटवायला, आणि तुम्ही इंग्रजी शब्द कोशात बसवताय! मी म्हटलं, तो कोश दरबारासाठी होता, आणि दरबारात उलटा अर्थ लागला तर बोट जात नाही. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं. मलाही पूर्ण पटलेलं नाही. ‘संरक्षक आवरण’ वाईट शब्द नाही. पन्नास वर्षं रोज कुणी बोललं असतं तर तोही रुळला असता.

याच्यापेक्षा टोचणारी गोष्ट अशी की सातांपैकी तिघं बिहार आणि उत्तर प्रदेशचे. देवनागरी वाचतात, मराठी अक्षर लावून लावून. बहुसंख्यांची भाषा म्हणजे कुठल्या शिफ्टची बहुसंख्या? थर्ड शिफ्टला ती हिंदीच आहे. माझ्या प्रबंधात याला एक परिच्छेद मिळाला, मिळायला हवं होतं प्रकरण.

दुसरी फेरी ३ ऑक्टोबर २०२४ला होती. घटस्थापना. त्याच संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली आणि फोन शुभेच्छांनी नुसता वाजत राहिला. मी तेव्हा त्या शेडमध्ये उभी राहून मोजत होते की सातांपैकी किती जण चाकाकडे बघून मगच डायला हात लावतात. सहा. सातव्याला विचारलं, ओळ वाचली नाही का? “वाचली. पण चाक उजव्या बाजूला आहे, कागद डाव्या बाजूला लावलाय.” कागद उजव्या बाजूला लावला. शब्दांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि याचं श्रेय मी संपादनाच्या नव्हे, मांडणीच्या विषयाला देते.

खंडेनवमीला मशीनं पुसून झेंडूचे हार घातले, तेव्हा पत्रकाच्या दुसऱ्या ओळीवर हळदकुंकवाचं बोट उमटलं. डिसेंबरात प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा पहाटे साडेचारला, नाना या वेळी स्वेटर घालून, केस विंचरून शेजारी बसले. पदवीचा कागद कुरियरने आला. कंपनीत माझं पद तेच राहिलं, पगारात थोडा फरक पडला आणि तेलपंपाचा परिच्छेद एकदाचा गेला.

मध्यंतरी त्या युनिटमध्ये पुन्हा जाणं झालं. पत्रक उजव्या बाजूलाच होतं, कडेने तेलाने पिवळं पडलेलं. ‘फ्लायव्हील पूर्ण थांबलं का ते बघा’ या ओळीखाली कुणीतरी काळ्या मार्करने, वाकड्या अक्षरात हिंदीत लिहिलं होतं: ‘पहिया रुकने दो, भाई’. कुणी लिहिलं ते मी विचारलं नाही. फोटो काढला, आणि पुढच्या छपाईसाठी ती ओळ जशीच्या तशी, ‘भाई’सकट, उतरवून घेतली.